पैसे कवा भेटतेत?

मुलांनो, गणिताच्या पुस्तकातली मजुरांची उदाहरणं तुम्ही सोडवली असतीलच. 'एका मजुराची रोजची मजुरी ३०० रुपये आहे. त्याने ६ दिवस काम केले, तर त्यास एकूण किती रुपये मिळतील?' गुणाकार केला, १८०० लिहिले, खाली दोन रेघा मारल्या की उदाहरण संपलं.

आमच्या वर्गात मात्र ते संपलं नाही. मी फळ्यावर उत्तर लिहून खडू ठेवतो न ठेवतो तोच मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, पण पैसे कवा भेटतेत?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण मग माझ्या लक्षात आलं, की पोरगं बरोबर बोलतंय. पुस्तकात 'किती' आहे, 'कधी' कुठेच नाही. ज्याच्या घरी संध्याकाळी तेल-मीठ आणायचं असतं त्याला 'कधी' हा प्रश्न 'किती' एवढाच मोठा असतो. त्या मुलाची आई हळदीच्या शेतात कामाला जात होती. सहा दिवस काम झालं होतं आणि पैसे अजून यायचे होते. त्याला हे उदाहरण घरचंच वाटलं, त्यात नवल ते काय!

मग आम्ही त्या दिवशीचं गणित बाजूला ठेवलं. मी सांगितलं, "घरी जाऊन विचारून या. आपल्या घरात कामाचे पैसे कधी येतात? किती येतात ते नको, फक्त कधी येतात ते."

आमचं गाव म्हणजे वारंगा फाटा. नांदेडकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक हिंगोलीकडे जातो, दुसरा हदगाववरून थेट नागपूरच्या दिशेला. फाटा म्हटला की हॉटेलं आली, पंक्चरची दुकानं आली, ट्रक आले, एस.टी. आली. आजूबाजूला शेती: हळद, ऊस, केळी, कापूस, सोयाबीन. त्यामुळे आमच्या वर्गात नाना तऱ्हेच्या कामांवर जाणाऱ्यांची मुलं बसतात. दुसऱ्या दिवशी फळा अपुरा पडला.

हॉटेलात भांडी घासणाऱ्या मावशींना रोजच्या रोज. गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला बाजाराच्या आदल्या दिवशी. निंदणी-खुरपणीला जाणाऱ्या बायांना आठवड्याला, तेही बाजाराच्या दिवशी. दूध घालणाऱ्यांना दर दहा दिवसांनी. ट्रकच्या ड्रायव्हरला महिन्याचा पगार आणि खेपेला वेगळा भत्ता. अंगणवाडीच्या ताईंना महिन्याला. कापूस वेचायला जाणाऱ्यांचं वजन रोज संध्याकाळी होतं, पण हिशोब मात्र आठवड्याने. गुत्तं घेऊन हळद काढणाऱ्या टोळीला काम संपल्यावर. सालगड्याचा करार पाडव्याला, वर्षभराचा. आणि एका मुलीने सांगितलं, "आमचे पैसे आधीच आलेत सर. काम दिवाळीनंतर हाय."

या शेवटच्या उत्तराकडे आपण नंतर येऊ. ते सगळ्यात अवघड आहे.

आधी थोडी गंमत. हे सगळे शब्द बघा. 'रोज' हा शब्द फारसी आहे, त्याचा अर्थ दिवस. म्हणून रोजंदारी. 'हप्ता'ही फारसीतलाच. 'हफ्त' म्हणजे सात, म्हणून हप्ता म्हणजे सात दिवस, आठवडा. 'साल' म्हणजे वर्ष, तोही फारसीच. त्यावरून आपला सालगडी. आणि 'पगार'? तो तर समुद्रावरून आला! पोर्तुगीज भाषेत 'पगार' म्हणजे पैसे चुकते करणे. म्हणजे माणसाला पैसे कधी मिळतात ते त्याच्या कामाच्या नावातच लिहिलेलं असतं. रोजानं जाणारा, सालानं राहिलेला, पगारी नोकर. नुसत्या शब्दावरून तुम्ही सांगू शकता, की याच्या घरी पैसा कोणत्या दिवशी येतो.

आता एक कोडं सोडवा बरं. एका माणसाला वर्षाला १,५६,००० रुपये मिळतात. दर आठवड्याला द्यायचे तर किती? वर्षात ५२ आठवडे, म्हणून ३,०००. दर दोन आठवड्यांनी द्यायचे तर? वर्षात २६ वेळा, म्हणजे ६,०००. आणि महिन्यातून दोनदा? पुष्कळ जण पटकन म्हणतील, "तेच की! ६,०००!" चूक! महिन्यातून दोनदा म्हणजे वर्षात २४ वेळा, म्हणून ६,५००. महिन्याला द्यायचे तर १३,०००. अमेरिकेत दर दोन आठवड्यांनी पगार देण्याची पद्धत फार चालते. तिथल्या कामगाराला वर्षात दोन महिने असे येतात, की त्यात तीन पगार पडतात. कारण साधं आहे. महिना काही बरोबर चार आठवड्यांचा नसतो. आठवड्याच्या मजुरीला चारने गुणून महिन्याचा अंदाज बांधणारा वर्षाला चार आठवड्यांची मजुरी विसरतो.

वर्षाची बेरीज सगळीकडे सारखीच येते ना? मग कधी का मिळेनात, काय फरक पडतो? आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलीने हेच विचारलं. तिचे वडील नोकरदार आहेत.

फरक कळायला हा हिशोब करा. तुम्ही महिन्याच्या पहिल्या तारखेला काम केलं. पगार होतो पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. महिना तीस दिवसांचा धरला, तर पहिल्या दिवसाच्या कामाचे पैसे तुमच्या हातात कितव्या दिवशी पडले? सदतिसाव्या! तोवर ते कुठे होते? मालकाकडे. म्हणजे तुम्ही काम करून मालकाला जणू उसने दिले. आणि व्याज? शून्य.

तुम्हाला मात्र कुणी बिनव्याजी उसने देत नाही. ओळखीचा किराणा दुकानदार वहीवर लिहून घेतो, पण वहीवर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही, मिळेल तो तांदूळ घ्यावा लागतो. आणि दवाखान्यासाठी रोख पैसे लागले तर गावात शेकडा पाचने मिळतात. शेकडा पाच म्हणजे शंभरामागे महिन्याला पाच रुपये. ऐकायला किती थोडे वाटतात! पण २,००० रुपये काढले तर महिन्याला १०० आणि वर्षाला १,२०० रुपये व्याज. ३०० रुपये रोज मिळवणाऱ्या बाईची चार दिवसांची मजुरी नुसती व्याजात गेली. मुद्दल तसंच उभं! पैसे उशिरा येण्याची किंमत ती ही. वर्षाची बेरीज कागदावर सारखी दिसते, घरात मात्र ती कमी होऊन येते.

माझंच सांगतो. डी.एड. होऊन शाळेवर रुजू झालो तेव्हा पहिलं मानधन हातात पडायला चौथा महिना उजाडला. 'सर' म्हणून गावात मान होता आणि दुकानात नावावर चार पानं उधारी. दुकानदार काही बोलत नव्हता, पण मी त्याच्या दुकानावरून जाताना सायकल जरा जोरात हाणायचो.

तर ही तारखेची लढाई आजची नाही, बरं का. सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि ती लढणारा पहिला माणूस मराठीच होता. त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. 'दीनबंधू' हे वर्तमानपत्र ते चालवत. काही काळ त्यांनी स्वतः मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलं होतं, त्यामुळे गिरणीच्या आतलं जग त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून, घाटावरून माणसं येत. पहाटे भोंगा झाला की आत जायचं, दिवस बुडाला की बाहेर यायचं. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. पगार महिन्याचा, पण महिना संपला म्हणून तो मिळेलच असं नाही. पुढच्या महिन्यातले कितीतरी दिवस उलटून जात. तोवर चाळीतलं बिऱ्हाड वाण्याच्या उधारीवर. गावी आईला मनिऑर्डर करायची ती कशातून?

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळापुढे एक अर्ज ठेवला. त्यावर पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या मोजून पाचच. दर रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. कामावर जबर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. आणि पाचवी मागणी अशी, की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा.

१५ तारखेच्या आत! मघाचा हिशोब आठवा. पहिल्या दिवसाच्या कामाचे पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी. आज आपल्याला तो उशीर वाटतो. त्या कामगारांची ती *मागणी* होती. यावरून काय हाल असतील ते ओळखा. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी जून १८९० मध्ये मान्य केली, म्हणून लोखंड्यांचं नाव निघालं की लोकांना रविवार आठवतो. तुम्ही रविवारी क्रिकेट खेळता ना, त्यात त्यांचा वाटा आहे. पण तारखेची मागणी फारशी कुणाच्या ध्यानात नसते. मला विचाराल तर ती सुट्टीइतकीच मोठी होती.

ती कायद्यात यायला पुढे पन्नास वर्षं लागली. १९२९ साली इंग्रज सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला एक मोठा आयोग नेमला. मुंबईच्या कामगारांत आयुष्य घालवलेले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ ला अहवाल आला आणि १९३६ साली पगार देण्याबद्दलचा कायदा झाला. पगाराची मुदत एक महिन्याहून मोठी ठेवायची नाही, हजारांहून कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहा दिवसांच्या आत पैसे द्यायचे, असं त्यात ठरलं. 'सात तारखेचा पगार' हे आपण जे ऐकतो, त्याचं मूळ इथे आहे.

हा कायदा ऐंशीहून जास्त वर्षं चालला. २०१९ साली संसदेने नवी वेतन संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिच्यात चारही रीती लिहिल्या आहेत. रोजंदारी असेल तर पाळी संपली की त्याच दिवशी पैसे. आठवड्याचा हिशोब असेल तर सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी. पंधरवड्याचा असेल तर पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत. महिन्याचा असेल तर सात दिवसांच्या आत. आता कागदावर लिहिलं म्हणजे बांधावर पैसे आपोआप चालत येत नाहीत, हे आमच्या वर्गातल्या मुलांना मी सांगायची गरज नव्हती. पण मागायला गेलं तर बोट ठेवायला ओळ तरी आहे.

मग यांतली चांगली रीत कोणती? आमच्या वर्गात यावर चांगलंच भांडण झालं.

एक मुलगा म्हणाला, "रोजच्या रोज बरं. उधारी नाही, टेन्शन नाही." लगेच दुसरा उठला, "रोज आले की रोज उडतेत! माझे बाबा हॉटेलात आहेत. पैसे घेऊन घरी येईस्तोवर निम्मे संपतेत." वर्ग पुन्हा हसला, पण तो मुलगा हसला नाही. हॉटेलातल्या मावशींच्या मुलीने तर वेगळंच सांगितलं. तिच्या आईला रोज पैसे मिळतात. पण दप्तर घ्यायचं, चपला घ्यायच्या म्हटलं की पैसे साठलेलेच नसतात. म्हणून आई रोज वीस रुपये हॉटेलवाल्या काकांकडेच ठेवते आणि महिन्याने एकदम घेते. आहे की नाही गंमत! महिन्याचा पगारवाला म्हणतो आधी द्या, आणि रोजवाली म्हणते थोडे नंतर द्या.

म्हणजे खर्च दोन जातींचे आहेत. मीठ-मिरची-तेल रोजचं. घरावरचे पत्रे, लग्न, शाळेची फी, बैल हे कधीतरीचं, पण मोठं. रोजच्या खर्चाला जवळचा पैसा लागतो, मोठ्या खर्चाला साठलेला. ज्या बायकांना साठवता येत नाही त्यांनी यावर आपली आपण युक्ती काढली आहे. दहाजणी मिळून भिशी लावतात, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम. बचत गटही तसाच. आठवड्याला आलेले पैसे त्या स्वतःच वर्षाच्या हिशोबात बसवतात. ही युक्ती काही कुठल्या कायद्यात लिहिलेली नाही.

आठवड्याची रीत आपल्याकडे का टिकली तेही कळतं. आठवड्याला बाजार भरतो. सात दिवसांचं सामान त्याच दिवशी स्वस्त आणि ताजं मिळतं. त्या दिवशी हातात पैसे हवेत. एक दिवस उशिरा मिळाले तर बाजार हुकला, मग पुढचा आठवडा दुकानातून चढ्या भावाने. शहाणा शेतकरी हे ओळखून असतो.

पण शेतकऱ्याची बाजूही ऐका. एका मुलाचे वडील पाच एकरांचे मालक. तो म्हणाला, "सर, आमच्याकडंच पैसे नसतेत तर आम्ही कुठून देऊ?" खरंच की! हळद मे-जूनला लावायची आणि पुढच्या वर्षी जानेवारीनंतर काढायची. मग शिजवायची, वाळवायची, वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची, तेव्हा पैसा. उसाचे पैसे कारखान्याने ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या केंद्र सरकारच्या आदेशातला नियम. पण तोवर वर्ष गेलेलं असतं. ज्याला स्वतःला वर्षाने पैसा मिळतो तो मजुराला दर आठवड्याला देताना कुठून तरी उसने काढतो. पूर्वी बलुतेदारांना वर्षातून एकदा खळ्यावर धान्य मिळे, ते याच कारणाने. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं तेही याच कारणाने. रब्बी घरात आलेली असते. पैसे देणाऱ्याच्या घरी पैसा जेव्हा येतो, घेणाऱ्याच्या घरी तो तेव्हाच जाऊ पाहतो. भूक मात्र तशी थांबत नाही.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येतो. 'आमचे पैसे आधीच आलेत.'

ऐकायला किती छान! काम नंतर, पैसे आधी. ऊसतोडीच्या कामात ही रीत आहे. हिला उचल म्हणतात. पावसाळ्यात, हातात काही नसताना मुकादम येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला एकदम मोठी रक्कम देतो. अशा जोडीला 'एक कोयता' असं म्हणतात. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ही जोडी बिऱ्हाड घेऊन निघते आणि ऊस तोडून ते पैसे फेडते.

हिशोब सोपा जावा म्हणून असं धरू, की उचल १,००,००० रुपये आणि टनाला मजुरी ४०० रुपये. फेडायला किती टन? २५०. दोघं मिळून दिवसाला दोन टन तोडतात असं धरलं तर १२५ दिवस. ठीक. पण त्या वर्षी पाऊस कमी, ऊस कमी, कारखाना शंभर दिवसांतच बंद पडला. मग २०० टन झाले, फिटले ८०,०००. राहिले २०,०००. ती बाकी पुढच्या वर्षावर. शिवाय मधे बाजारखर्चाला घेतलेले आहेत, कुणी आजारी पडलं त्याचे आहेत. म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जायचं, दुसरीकडे चार रुपये जास्त मिळत असले तरी. महिन्याच्या पगारात तुमचे पैसे मालकाकडे अडकतात. उचलीत तुम्ही स्वतःच अडकता. सगळ्या रीतींत मला हीच सगळ्यात महाग वाटते. पण त्या मुलीच्या वडिलांना मी हे म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "सर, मोठ्या पोरीच्या लग्नाला एकरकमी पैसे दुसरं कोण देतं?" मला उत्तर देता आलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. अशा मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय करता येते, आजी-आजोबांकडेही काही मुलं राहतात. मी बोलून पाहिलं. पण घरी आजी नव्हती आणि धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. जाताना ती गणिताची वही घेऊन गेली. मी म्हटलं, "उदाहरणं सोडव." ती म्हणाली, "कोणती?" मीच गोंधळलो. मग सांगितलं, "बाबांची प्रत्येक खेप कारखान्यावर वजन होईल ना, त्या पावतीवरचा आकडा रोज लिहून ठेव. तारीख टाकून."

चैत्र लागला आणि एक दिवस ती वर्गाच्या दारात उभी. रंग काळवंडला होता, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. दप्तरातून तिने वही काढली. शेवटच्या पानांपासून उलट्या बाजूने तारीख, खेप, टन, क्विंटल असं सगळं ओळीने लिहिलेलं. मधली दोन पानं पावसात भिजून पुसट झाली होती, तिथे तिने पेनाने पुन्हा गिरवलं होतं.

"सर, मुकादमाच्या वहीत एकशे अठ्ठ्याण्णव टन लावलेत," ती म्हणाली. "माझी बेरीज दोनशे सात येतीय. बाबा म्हणले, सरांकडून एकदा तपासून आण."

मी वही घेतली नाही. फळा पुसला, तिच्याच हातात खडू दिला आणि वर्गाला पाटी काढायला सांगितली.